ठाण्यापलीकडचा ग्रह

१८५४ सालच्या जानेवारीत हिंदुस्थानातली आगगाडी ठाण्याला येऊन थांबत असे. बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पोहोचली, त्याला नऊ महिने झाले होते. खाडी ओलांडून ती कल्याणला जायला अजून काही महिन्यांचा अवकाश होता. गंमत अशी, की त्या वेळी सूर्यमालासुद्धा एका ठिकाणी येऊन थांबलेली होती. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला होता. त्याच्या पलीकडे काय आहे, मुळात काही आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या जानेवारीत नरगुंद नावाच्या छोट्याशा मराठी संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात, बापूशास्त्री केतकर यांच्या घरी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव व्यंकटेश.

पंचांगकर्त्यांच्या जगात व्यंकटेश बापूजी केतकर हे मोठे नाव आहे. बाहेर मात्र नावाचा घोटाळा होतो. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या नावात व्यंकटेश येतो, म्हणून पुष्कळांना हे त्यांचे वडील वाटतात. ते हे नव्हेत. हे केतकर शाळामास्तर होते आणि त्यांच्याविषयी एक गोष्ट आपल्याकडे अधूनमधून अभिमानाने सांगितली जाते : प्लूटो सापडण्याच्या एकोणीस वर्षे आधी बागलकोटच्या या मास्तरांनी त्याचे गणित मांडून ठेवले होते. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी मला अधिक मोलाची वाटते. ती कळायची तर आधी सूर्यमाला केवढी आहे, हे एकदा डोळ्यांपुढे यायला हवे.

नुसत्या आकड्यांनी ते येत नाही. माझे आयुष्य बँकेत गेले. कोटीच्या पुढची शून्ये लिहिताना हात कधी अडला नाही, पण लिहिली म्हणून ती रक्कम डोळ्यांना दिसली, असेही कधी झाले नाही. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे, हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. पुस्तकातले चित्र तर आणखी फसवे. त्यात सारे ग्रह पंगतीला बसल्यासारखे मांडीला मांडी लावून बसलेले असतात. पान वीतभर, चित्रकार तरी काय करणार!

तेव्हा आम्हा उपनगरवासीयांचे आयुष्य ज्या मापाने मोजले गेले, तेच माप घेऊ. मध्य रेल्वेची लाईन. सूर्य ठेवू छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला; माझ्या पिढीच्या तोंडी अजून व्ही. टी.च येते. सूर्य आणि पृथ्वी यांमधले अंतर धरू एक किलोमीटर. या मापाने सूर्य म्हणजे सव्वानऊ मीटर व्यासाचा, तीन मजली चाळीएवढा उंच गोळा होतो. बुध त्याच्यापासून चारशे मीटरच्या आत, शुक्र सातशेवीस मीटरवर. आपली पृथ्वी मशीद स्टेशनच्या जरा अलीकडे, साडेआठ सेंटिमीटरची, एखाद्या मोठ्या मोसंब्याएवढी. तिच्यापासून अडीच मीटरवर चंद्र, टपोऱ्या बोराएवढा. माणूस स्वतः आजवर जाऊन आला तो एवढाच, मोसंब्यापासून बोरापर्यंत.

पुढे चला. मंगळ दीड किलोमीटरवर, सँडहर्स्ट रोडच्या आधी. सँडहर्स्ट रोड आणि भायखळा यांच्या दरम्यान लघुग्रहांची विखुरलेली खडी. गुरू चिंचपोकळीला, जेमतेम मीटरभर व्यासाचा. शनी दादरच्या अर्धा किलोमीटर पुढे. मग माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार ही सगळी स्टेशने रिकामी, आणि घाटकोपरला युरेनस, फूटभर चेंडूएवढा. पुन्हा विक्रोळी, कांजूर, भांडुप रिकामी. मुलुंड यायच्या किंचित आधी, तिसाव्या किलोमीटरला, तसलाच दुसरा चेंडू : नेपच्यून. सकाळच्या लोकलमध्ये एका पायावर उभे राहिलेल्या माणसाला या लाईनवर एवढी मोकळी जागा कल्पनेतही दिसायची नाही. या मापात प्रकाशसुद्धा ताशी सव्वासात किलोमीटरने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या गतीने जातो. व्ही. टी.हून निघाला की मशीदला सव्वाआठ मिनिटांत, आणि मुलुंडला पोहोचायला चार तासांहून अधिक.

१८५४ साली माहीत असलेली सूर्यमाला ही एवढी, मुलुंडच्या अलीकडे संपणारी.

केतकरांच्या घरात आकाश पिढीजात होते, पण त्या आकाशात अंतराला फारसे काम नव्हते. वडील ज्योतिष जाणणारे शास्त्री. पंचांगाचा सारा व्यवहार दिशेचा. चंद्र कोणत्या नक्षत्रात, गुरू कोणत्या राशीत, एवढे कळले की भागते. शनी किती लांब आहे हे ठाऊक नसले, म्हणून कोणाची एकादशी अडत नाही की लग्नाचा मुहूर्त चुकत नाही. आपल्या पूर्वजांनी अंतराचा विचार केलाच नव्हता, असे मात्र नाही. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरून सूर्यसिद्धान्ताने त्यांच्या कक्षा काढल्या आहेत. चंद्राच्या कक्षेचा घेर ३ लाख २४ हजार योजने आणि सूर्याच्या कक्षेचा ४३ लाख ३१ हजार ५०० योजने. यातले चंद्राचे अंतर खऱ्याच्या बरेच जवळ जाते. सूर्य मात्र चंद्राच्या तेरापटच लांब येतो. प्रत्यक्षात तो सुमारे ३९० पट लांब आहे. म्हणजे आपल्या मापात एक किलोमीटरऐवजी चौतीस मीटर! यात खजील होण्यासारखे काही नाही. प्राचीन ग्रीकांनाही सूर्य चंद्राच्या वीसेक पटच दूर वाटला होता. नुसत्या डोळ्यांना दिशा दिसते, अंतर दिसत नाही.

व्यंकटेश चार वर्षांचा असताना त्याच्या गावावर आकाश कोसळले. १८५८ साली नरगुंदचे राजे बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, राजांना बेळगावात फाशी झाली आणि संस्थान खालसा झाले. दरबाराच्या आधाराने विद्या सांभाळण्याचे दिवस सरले. शास्त्र्यांच्या मुलांना आता इंग्रजी शाळा आणि सरकारी नोकरी यांवाचून वाट नव्हती.

पण त्या वाटेवर नवे गणित होते. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत आणला. तोवर आपली पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वर चालत. कोकणातल्या नांदगावच्या या थोर गणितीने १५२० साली तो ग्रंथ रचला, आणि साडेतीनशे वर्षांत त्यातली बारीक चूक साठत साठत मोठी झाली. पंचांगातला ग्रह एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे, अशी स्थिती आली. हिशेबाची जुनी वही न तपासता वर्षानुवर्षे पुढे ओढत नेली की जे होते, तेच झाले होते.

केतकर १८७४ साली मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात शिक्षक झाले. त्याच वर्षी, ९ डिसेंबरला, आकाशात एक दुर्मीळ घटना घडली. शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. या अधिक्रमणासाठी युरोप-अमेरिकेतल्या मोहिमा जगभर पांगल्या. हिंदुस्थानातून ते उत्तम दिसणार होते. मद्रास वेधशाळेच्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी लोकांना समजावे म्हणून त्यावर पुस्तिका लिहिली, आणि विशाखापट्टणला अंकितम नरसिंग राव यांनी आपल्या खासगी वेधशाळेतून वेध घेतले. हा सारा खटाटोप कशासाठी होता? सूर्य किती लांब आहे, हे नक्की करण्यासाठी.

ग्रहांच्या अंतरांचे परस्परांशी प्रमाण काढणे तसे सोपे आहे, आणि त्याची सामग्री आपल्या प्रत्येक घरात आहे. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, म्हणजे गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांची. शनीची साडेसाती तीन राशींची, म्हणजे बारा राशींना तीस वर्षे. केप्लरने सांगून ठेवले आहे की वर्षांचा वर्ग हा अंतराच्या घनाएवढा असतो. बाराचा वर्ग १४४. ज्याचा घन साधारण तेवढा होतो ती संख्या सव्वापाच. गुरू पृथ्वीच्या सव्वापाच पट लांब, चिंचपोकळीला. तिसाचा वर्ग ९००. त्याचे घनमूळ साडेनऊच्या थोडे वर. शनी दादरपुढे. म्हणजे ज्या आजीबाईंनी साडेसातीची भीती घातली, त्यांनी नकळत शनीचे अंतरही सांगितले होते. मात्र ही सारी प्रमाणे झाली. आपल्या लाईनवरचा पहिला किलोमीटर प्रत्यक्षात किती मोठा, हे कळल्याशिवाय एकाही ग्रहाचे खरे अंतर मिळत नाही. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून शुक्र सूर्यबिंबावर किंचित वेगळ्या रेषेने जाताना दिसतो. त्या फरकावरून तो पहिला किलोमीटर मोजता येतो.

हे सारे नवे ज्ञान आणि घरातले जुने पंचांग यांची सांगड घालणे, हे केतकरांनी आपले काम मानले. घटप्रभेकाठच्या बागलकोटला ते इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. या जुन्या गावाचा मोठा भाग पुढे अलमट्टी धरणाच्या पाण्यात गेला. तिथे शाळा सांभाळून त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९८ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ संस्कृतात आहे. काशीच्या, मद्रासच्या, बंगालच्या जोश्यांनाही तो वापरता यावा, असा त्याचा लाभ. आतले गणित मात्र युरोपातल्या अद्ययावत ग्रहगणिताच्या तोडीचे. पानोपानी कोष्टके. ज्यांनी यंत्राविना खातेवह्या जुळवल्या आहेत आणि चार आण्यांच्या फरकापायी बँकेत रात्रीचे दहा वाजवले आहेत, त्यांना ही कोष्टके हाताने मांडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या ग्रंथाच्या अनुषंगाने केतकर आयुष्यभराच्या एका वादात पडले. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, हा तो वाद. केरूनाना आणि टिळक रेवतीतल्या एका ताऱ्याच्या बाजूचे. केतकर चित्रेच्या बाजूचे. फरक चारेक अंशांचा, पण त्यामुळे संक्रांतच चार दिवस मागेपुढे होते. टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, ती यामुळेच. मुंबईत १९०४ साली, पुण्यात १९१७ साली आणि सांगलीत १९२० साली पंचांग परिषदा भरल्या, पण वाद मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या समितीने चित्रेला धरून गणित स्वीकारले. आज बहुतेक घरांतली पंचांगे त्याच पक्षाची आहेत. भिंतीवरचे कॅलेंडर पाहताना आपण केतकरांच्या बाजूने मत देत असतो, ते बहुधा नकळत.

आता १९११ सालाकडे येऊ. त्या वर्षी फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा एक लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यांनी मांडले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. युक्तिवादाचे मूळ लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाकडे होते. गुरूच्या मोठ्या चंद्रांपैकी आतले तीन एका ठेक्यात फिरतात. तिसऱ्याची एक फेरी होते तोवर दुसऱ्याच्या दोन आणि पहिल्याच्या चार होतात. तबलजीने ठाय, दुप्पट, चौपट लावावी तसे. असाच काही ठेका सूर्याच्या बाहेरच्या ग्रहांत असला पाहिजे, असे केतकरांना वाटले. युरेनसची फेरी ८४ वर्षांची, नेपच्यूनची १६५ वर्षांची. ही लय पुढे नेऊन त्यांनी ब्रह्म्याचे आकडे दिले : सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची.

३८.९५. आपल्या लाईनवर पाहा. मुलुंड गेले, ठाणे गेले, खाडी ओलांडली, कळवा मागे पडले. मुंब्रा यायच्या किलोमीटरभर आधी.

एकोणीस वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९३० रोजी, अमेरिकेत ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाला छायाचित्रांवर एक सरकता ठिपका दिसला. १३ मार्चला ती बातमी जगाला कळली. तोच प्लूटो. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची. केतकरांच्या ब्रह्म्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर पुढे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केतकर विजापुरास वारले. वय शहात्तर.

इथे टाळ्या वाजतात आणि गोष्ट संपते. मला वाटते, ती इथे सुरू होते.

नेपच्यून कसा सापडला ते आठवा. युरेनसची चाल हिशेबाशी जुळेना, म्हणून फ्रान्समध्ये लव्हेरिए यांनी गणित केले आणि अमुक ठिकाणी पाहा, असे बर्लिनला कळवले. गाले यांनी दुर्बीण लावली आणि त्याच रात्री, सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत, नेपच्यून मिळाला. पण लव्हेरिएंचे अंतर साफ चुकले होते. त्यांच्या हिशेबाने तो ३६ पट दूर हवा होता. निघाला ३० पट. ठाण्यापुढे कळव्याला शोधायचा तो मुलुंडला भेटला. दिशा बरोबर, अंतर चूक. दुर्बिणीला फक्त दिशा लागते, म्हणून काम झाले.

केतकरांचे नेमके उलटे. अंतर जवळजवळ बरोबर आले, पण दिशा त्यांनी दिलीच नव्हती. त्यांच्या लेखात ब्रह्म्याचे सरासरी अंतर आहे, प्रदक्षिणेचा काळ आहे. आज रात्री तो कोणत्या राशीत असेल, हे नाही. त्यामुळे जगातला कोणताही वेधकर्ता त्या आधारावर दुर्बीण रोखू शकला नसता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराने दिशा सांगितली आणि अंतराकडे पाहिले नाही, त्या घरातल्या या गणितीने शेवटी अंतर सांगितले, दिशेवाचून.

जमेला एवढे धरले, तर खर्चाच्या बाजूलाही लिहिले पाहिजे. टॉमबॉला प्लूटो सापडला तो आकाशाचा पट्टा चिकाटीने विंचरून, केतकरांच्या आधाराने नव्हे. १९७८ साली प्लूटोचा उपग्रह कॅरन सापडला. त्यावरून कळले की प्लूटोचे वजन पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याएवढेच आहे. आपल्या मापात तो दीड-पावणेदोन सेंटिमीटरची गोटी. त्याची वाटही लंबोडकी. कधी तो नेपच्यूनच्या आत, मुलुंडच्या अलीकडे येतो, तर कधी डोंबिवलीपर्यंत जातो. २००६ साली त्याला ग्रहांच्या पंगतीतून उठवले गेले. केतकरांचा दुसरा ग्रह विष्णू कधीच मिळाला नाही. आणि केतकरांनी कल्पिलेला ठेका प्लूटोचा ठेका नाही. तेव्हा त्यांनी प्लूटो शोधला, असे म्हणणे हे त्यांच्या खात्यावर भलतीच रक्कम जमा करण्यासारखे आहे. असल्या रकमेने खाते फुगते, पत वाढत नाही.

त्यांची पत दुसरीकडे आहे. प्लूटो नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत बरोबर दोन फेऱ्या करतो. ही लय इतकी पक्की आहे, की वाटा एकमेकींना छेदल्यासारख्या दिसूनही दोघांची कधी टक्कर होत नाही. १९९२ नंतर त्या भागात प्लूटोचे भाऊबंद मोठ्या संख्येने सापडू लागले, आणि त्यांतले कितीतरी याच दोनास तीनच्या ठेक्यात फिरताना आढळले. सूर्यमालेच्या त्या काळोख्या टोकाला खरोखरच ताल आहे. केतकरांनी धरलेली मात्रा चुकली, पण तिथे ताल असला पाहिजे, ही त्यांची जाण चुकली नाही. आणि ती त्यांना आली ती दुर्बिणीतून नव्हे. जिल्ह्याच्या गावी, शाळेची हजेरी आणि परीक्षा सांभाळून, कोष्टकांच्या आकड्यांतून आली.

त्यानंतर लाईन पुष्कळ पुढे गेली आहे. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर प्लूटोजवळून गेले. १९७७ साली निघालेले पहिले व्हॉयेजर आपल्या मापात इगतपुरी ओलांडून नाशिक रोडच्या वाटेवर आहे. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा मात्र या मापातही २ लाख ६८ हजार किलोमीटरवर राहतो. खऱ्याखुऱ्या चंद्राची दोन तृतीयांश वाट!

आणि नवव्या ग्रहाचा शोध पुन्हा सुरू आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दूरच्या लहान गोलांच्या कक्षांतली एक ठेवण पाहिली आणि तीवरून मांडले, की फार पलीकडे एक मोठा, न दिसलेला ग्रह असावा. आपल्या लाईनवर चारशे-पाचशे किलोमीटरवर, जळगाव-भुसावळच्या टापूत. तो अजून कोणाला दिसलेला नाही. कदाचित नसेलही. पण कक्षांची ठेवण पाहायची, तिच्यावरून कागदावर अंतर काढायचे आणि मग आकाशाकडे वळायचे, ही त्यांची रीत बागलकोटच्या हेडमास्तरांना अगदी ओळखीची वाटली असती. त्यांनी फक्त एवढेच विचारले असते, की दिशा काढलीत का?